वहिनीला समजावून सांगितलं ते

सोमवारी प्रॅक्टिकल असलं की शुक्रवारीच कांदे बाटल्यांवर बसवावे लागत. जुनी वाळकी मुळं ब्लेडनं खरवडायची, बाटली पाण्यानं काठोकाठ भरायची आणि तिच्या तोंडावर कांदा असा ठेवायचा, की त्याचं बूड तेवढं पाण्याला टेकेल. तीन दिवसांत पांढऱ्या दोऱ्यांसारख्या मुळ्या सुटतात. नाशिक रोडच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी हे केलं. जिल्हाभर कांदाच कांदा, तरी आमच्या प्रयोगशाळेत कांद्यावरून रामायण व्हायचं, कारण कॉलेजच्या खर्चानं येणारे कांदे आतून सडके निघायचे आणि मुळ्यांऐवजी वासच सुटायचा. शेवटी मी घरचेच कांदे पिशवीत घालून नेऊ लागले.

सोमवारी सकाळी मुळ्यांची टोकं कापायची, आम्लात जराशी गरम करायची, लाल रंगात बुडवायची, काचपट्टीवर ठेवायची, वर पातळ काच, तिच्यावर टिपकागद, आणि मग अंगठ्यानं सरळ खाली दाब. अंगठा जरा जरी सरकला की सगळी मेहनत पाण्यात. जमलं तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे चौकोन दिसायचे आणि त्यांच्यात लालसर शेवया. पोरं म्हणायची, "मॅडम, नूडल्स दिसतायत." मी ओरडायची. माझं ओरडणं कॉलेजात प्रसिद्ध होतं. चुकीचं उत्तर ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीकच जायची.

त्या शेवया म्हणजे गुणसूत्रं. एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की पेशी आधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब दुसरी प्रत काढते. ह्या दोन प्रतींना पुस्तकात भगिनी अर्धगुणसूत्रं म्हणतात, पोरं नुसतंच क्रोमॅटिड म्हणायची. प्रती तयार झाल्या म्हणून लगेच सुट्या होत नाहीत. कोहेसिन नावाच्या प्रथिनाची बांगड्यांसारखी गोल कडी दोघींना मिळून वेढून असतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून धागे येतात, एकीला ह्या बाजूनं धरतात, दुसरीला त्या बाजूनं. सगळ्या जोड्या मधोमध रांगेत उभ्या राहतात आणि पेशी थांबते. एक जरी जोडी नीट धरली गेली नसेल, तरी बाकीच्या सगळ्या तिच्यासाठी खोळंबतात. कडी कापणारं एक प्रथिन असतं, पण तोवर त्याच्यावर पहारा असतो. शेवटची जोडी धरली गेली की पहारा उठतो, कडी तुटतात आणि प्रती दोन दिशांना ओढल्या जातात.

हे मी बांगड्या घेऊन शिकवायची. दोन लाल रिबिनी एकमेकींना लावून धरायच्या, त्यांच्यावर चार-पाच काचेच्या बांगड्या चढवायच्या आणि दोन मुलांना दोन टोकांना उभं करून रिबिनी ओढायला लावायच्या. बांगड्या आहेत तोवर रिबिनी हलत नाहीत. मग मी पक्कड घेऊन बांगड्या फोडायची. प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाई कळवळायच्या, "मॅडम, बांगडी अशी मुद्दाम वाढवू नये हो." मी म्हणायची, "बाई, पेशीला कुठलं आलंय सौभाग्य!" वर्ग हसायचा. हा धडा माझ्यासारखा कुणी शिकवत नाही असा माझा पक्का समज होता, आणि चारचौघांत तसं म्हणून दाखवायलाही मी मागेपुढे पाहत नसे.

आता घरचं सांगते. मी कॉलेजात असतानाच वडील गेले. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा दादा नुकता नोटांच्या प्रेसमध्ये लागला होता. घर त्यानं ओढलं, माझी फीही त्यानंच भरली. माझं लग्न झाल्याशिवाय दादा लग्न करणार नाही, हे आमच्याकडे कुणी ठरवलं नव्हतं, ते ठरलेलंच होतं. आमच्यासारख्या घरांत तशीच रीत. पाठची बहीण उजवली की मग भावानं बोहल्यावर चढायचं. त्याची सोयरीक मात्र जमून गेली होती. मुलगी इगतपुरीची, बाप रेल्वेत गँगमन, दहावीपर्यंत शिकलेली, दादापेक्षा तीन वर्षांनी लहान. सुपारी फुटली, दोन्हीकडची माणसं जेवली आणि ठरलं की वर्षा-दोन वर्षांत माझं उरकलं की ह्यांचा बार उडवून द्यायचा.

त्याला आठ वर्षं लागली.

मला एम.एस्सी. करायचं होतं. ते झालं तर नोकरी हवी होती. नोकरी लागली तर ती कायम व्हायला हवी होती. मधल्या काळात तीन स्थळं आली. एकानं विचारलं, नोकरी सोडाल ना. त्याला मी तिथल्या तिथे वाटेला लावला. दुसऱ्याच्या आईला माझ्या साडीला औषधांचा वास आला. तिसऱ्यात काहीही खोट नव्हती. सरळ, कमावता, देवळालीत स्वतःचं घर. पण कायमपणाचं पत्र हातात पडेपर्यंत मला अडकायचं नव्हतं, म्हणून मी त्याच्या नाकाला नाव ठेवून नकार दिला. दादा नुसतं "बरं" म्हणाला आणि सायकल काढून ड्युटीवर गेला.

त्या वर्षांत दर संक्रांतीला ती मुलगी आईबरोबर पॅसेंजरनं आमच्याकडे हळदीकुंकवाला यायची. कॉटच्या कडेला अंग चोरून बसायची, जाताना माझ्याकडे वळून विचारायची, "अभ्यास कुठवर आला?" मी ऐटीत तिला सगळा अभ्यासक्रम सांगायची. मला वाटायचं, तिला शिक्षणाचं कौतुक आहे. ती तिच्या लग्नाची तारीख विचारत होती, हे माझ्यासारख्या हुशार बाईच्या डोक्यात कधी आलं नाही.

एकतिसाव्या वर्षी माझं लग्न झालं. दोनच महिन्यांनी दादाचं झालं. वहिनी तेव्हा चौतीस वर्षांची होती. लग्नात कुणीतरी बाई म्हणालीच, "नवरी जरा थोराड वाटते." मला राग आला, पण तो त्या बाईचा.

वहिनी मला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मी तिला अगं-तुगं करायची. वयानं आणि मानानं ती मोठी, पण शिकलेली मी, म्हणून दोघींनीही ते तसंच चालवून घेतलं. सदतिसाव्या वर्षी तिला मुलगी झाली. बाळाचे डोळे, तळहातावरची आडवी एकच रेघ आणि बाळसं असूनही सैल पडणारी मान पाहून मला पाळण्याशीच कळलं. पंधरा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला, तो घरात माझ्याच हातात दिला गेला. एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन, म्हणजे डाउन सिंड्रोम. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी रिपोर्टची घडी घातली आणि बरोब्बर काय ते सांगितलं. हृदयातही दोष होता, पहिल्या दोन वर्षांत दोन ऑपरेशनं झाली.

पोर गोड होती. हे दया येऊन म्हणत नाही, ती खरोखर गोड होती आणि हट्टी होती. तिला भाजी-भाकरी मिसळलेली चालायची नाही आणि दादाचा चष्मा दुसऱ्या कुणी घातलेला खपायचा नाही. जरा मोठी झाल्यावर शुक्रवारी संध्याकाळी मी तिला प्रयोगशाळेत न्यायची. कांदे बाटल्यांवर बसवायचं काम तिच्याइतकं नीट कुणाला जमलं नाही. बी.एस्सी.ची पोरं घाईनं बसवायची आणि कांदा पाण्यात बुडवायची. ही जीभ किंचित बाहेर काढून एकेक कांदा दोन्ही हातांनी असा ठेवायची, जसं काही तो झोपलेला आहे. सोमवारी तिला फोनवर सांगावं लागे की मुळ्या आल्या. ती आईला ओरडून सांगायची, "आत्याच्या कांद्याला पाय आले!"

ती चार वर्षांची असतानाची भाऊबीज. जेवणं उरकली होती, दादा तिला घेऊन आत झोपला होता, स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. वहिनी ओट्याशी भांडी विसळत होती. माझ्याकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, "वन्सं, एक विचारू? आपली पोरगी अशी का झाली वो? माझ्या हातून काय चुकलं?"

ह्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर होतं. काही नाही. उठून तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, वहिनी, तुझं काही चुकलं नाही. शेजारची अडाणी बाईसुद्धा हेच म्हणाली असती.

पण मी नुकतीच उजळणी वर्गाला जाऊन आले होते. तिथं एका तज्ज्ञांनी स्त्रीबीजातल्या कोहेसिनबद्दल व्याख्यान दिलं होतं, ते डोक्यात ताजं होतं. मी हातातल्या बांगड्या काढल्या, शिवणाच्या डब्यातून दोरे घेतले आणि वहिनीला हात पुसून समोर बसवलं. म्हटलं, "हे बघ. तू तुझ्या आईच्या पोटात होतीस ना, तेव्हाच तुझी सगळी बीजं तयार झाली. गुणसूत्रांना एकत्र धरणारी कडी तेव्हाच चढवून झाली. नंतर नवी चढत नाहीत. बीज इतकी वर्षं तसंच थांबून राहतं. तोवर कडी झिजतात, गळतात. मग गुणसूत्रं वेळेआधी सुटतात आणि भलतीकडे जातात. वयाचं आहे हे."

तिनं सगळं मन लावून ऐकलं. बांगड्या सरकवून पाहिल्या. मग विचारलं, "म्हंजी सगळ्याच बीजांचं असं?"

"सगळ्यांचंच," मी म्हणाले. "वय सगळ्यांचं एकच ना."

ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा भांडी घासायला लागली. मला वाटलं, काय पटकन समजलं हिला. पदवीच्या पोरांना दोन तास लागतात. मी घरी येऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला पदवी होती, ते त्याहून वाईट.

मुलगी तेवीस वर्षांची होऊन गेली. गेल्या श्रावणाच्या आधीच्या श्रावणात तिला न्यूमोनिया झाला आणि तिच्या हृदयानं साथ सोडली. चार दिवस दवाखान्यात होती. शेवटच्या दिवशी तिनं मला ओळखलं आणि माझ्या बोटातली अंगठी काढून मागितली. मी दिली. त्यापुढचं मला लिहिता येत नाही.

तेराव्यानंतर मी कामावर गेले तर समोर हाच धडा. फळ्यावर पेशी काढली, धागे काढले, मधोमध जोड्या काढल्या आणि एक जोडी मुद्दाम कडेला काढली, जिला अजून धागा लागलेला नाही. तीस वर्षं म्हणत आले ते वाक्य तोंडातून निघालं, "आणि ह्या बाकीच्या सगळ्या हिच्यासाठी खोळंबल्या आहेत." माझा हात फळ्यावरच राहिला. वहिनी का थांबली होती? चौतिसाव्या वर्षी का लग्न झालं तिचं? वय, वय म्हणून मी तिला बांगड्या दाखवत होते, ते वय तिला कुणी आणलं? मी पोरांना आकृती उतरवायला सांगितली, स्टाफरूमच्या मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

त्यानंतर हे वहिनीला सांगायचं, तिची माफी मागायची, एवढंच मनात राहिलं. रोज ठरवायची, रोज टाळायची. फोन लावायची आणि भाजीचं बोलून ठेवून द्यायची. मला भीती एकाच गोष्टीची होती. ती "हो, तुमच्यामुळंच" म्हणाली तर मी काय करणार होते? आणि ती तसं म्हणाली नाही तर ते आणखी कसं सोसणार होते? मध्ये मी निवृत्त झाले. पोरीचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले आणि चार दिवसांनी मी सकाळीच जेल रोडला दादाकडे गेले. दादा पेन्शनच्या कामाला बँकेत गेला होता. वहिनी मेथी निवडत होती. मीही बसले आणि निवडायला लागले. मग एका दमात सगळं बोलून टाकलं. माझं एम.एस्सी., ती तीन स्थळं, ते नाक, आठ वर्षं. "वहिनी, तुझं काही चुकलं नव्हतं. मी तुला थांबवलं. त्या भाऊबीजेला मी तुला वय सांगितलं आणि ते कुणामुळे झालं ते गिळून टाकलं. खरं तर मला सुचलंसुद्धा नाही. मला माफ कर."

तिनं मान वर केली. तिचा चेहरा मोकळा होता. "एवढंच होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, दवाखान्याचं काय निघालं का तुमचं. अवो, माझा बाप दुसरा पोरगा बघत होता. दोन बघून बी आला होता. मीच नाय म्हणाले. हे बहिणीसाठी थांबलेत, तर माणूस बरा असंल, म्हणलं. तुमच्यावर कशाला राग धरू?"

मला हुंदका आवरेना. वर्षभर छातीवर धोंडा ठेवून वावरले होते, तो हिनं सहज उचलून बाजूला केला. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, मेथीची जुडी तशीच मांडीवर राहिली.  मग ती खालच्या आवाजात बोलायला लागली.

"आता तुम्ही मनातलं बोललात म्हणून मी बी सांगते. तुमच्या दादांना ठाऊक नाय. आपली पोरगी पाचेक वर्षांची आसंल, मला परत दिवस गेले होते."

मी मनातल्या मनात तिचं तेव्हाचं वय मोजलं. बेचाळीस.

"आठ दिवस पोरगी तुमच्याकडं ठेवून मी म्हायेरी गेले होते, आठवतं का? भातलावणी हाय म्हणून. कसली लावणी, आमचं शेत होतं कुठं! तिकडंच एका डॉक्टरीणबाईकडं जाऊन आले. आईच होती संगं."

"अगं पण का?" मी विचारलं.

"तुम्ही सांगितलं होतं ना, सगळ्याच बीजांचं तसं म्हणून. हिची दोन ऑपरेशनं मी बघितली होती वन्सं. ते एवढंसं अंग, त्या नळ्या. आणिक एक जीव तसं भोगायला आणायचा? आन आमच्यामागं दोघांना कोण बघणार? पण आता पोरगी नाय. घरात आवाज नाय. तर कधीमधी वाटतं, ते आसतं तर आता केवढं झालं आसतं."

आठ दिवस पोरगी माझ्याकडे होती ते मला लख्ख आठवलं. पेपर तपासायचे होते म्हणून मी कुरकुरले होते. वहिनी तिला न्यायला आली तेव्हा पिवळी पडली होती, आणि मी म्हणाले होते, माहेरी जाऊन उलट वाळलीस की.

वहिनीनं माझा हात जरा घट्ट धरला. "वन्सं, ते बी असंच झालं आसतं ना वो?"

कडी झिजतात हे खरं आहे. तेव्हा तर शास्त्रज्ञांचाही तो नुसता अंदाज होता, आता पुरावा बराच जमला आहे. पण झिजलेल्या कड्यांवरसुद्धा बहुतेक वेळा काम निभावून जातं. चाळिशी उलटलेल्या बायकांची बहुतेक मुलं व्यवस्थित होतात. पोटात असतानाच तपासून बघायची सोय तेव्हाही होती. हे सगळं मला त्या भाऊबीजेला माहीत होतं. तिनं सगळ्याच बीजांचं का असं विचारलं तेव्हा पुढचं एक वाक्य बोलायचं होतं, आणि धडा छान रंगला होता म्हणून मी ते बोलले नव्हते.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. साठी उलटलेली, पोर गेलेली बाई. आयुष्यात मी कुणाच्या पेपरात अर्धा गुण खोटा दिला नाही.

"हो वहिनी," मी म्हणाले. "तसंच झालं असतं."

तिनं डोळे मिटून घेतले आणि हळूच मान हलवली. मग पदरानं तोंड पुसून मेथी पुढ्यात ओढली.

"तुम्ही येळेवर सांगितलं म्हणून बरं," ती म्हणाली. "नायतर मी ठेवलं आसतं."